कांग्रांदेचे स्मित : वेरोनाच्या जुन्या किल्ल्यातील संग्रहालय

इटलीच्या उत्तर भागात, मिलान आणि व्हेनिस यांच्या दरम्यान, आदिजे नदीने घातलेल्या वळणात वेरोना हे शहर वसले आहे. शेक्सपिअरने रोमिओ आणि ज्युलिएटची कथा येथे घडवली, म्हणून भारतातून जाणाऱ्या सहली या गावी थांबतात. ज्युलिएटची म्हणून दाखवली जाणारी बाल्कनी, रोमन काळातील भव्य रंगमंडल आणि दुपारचे भोजन एवढ्यात वेरोना आटोपते आणि बस पुढच्या मुक्कामाकडे निघते. रंगमंडलासमोरच्या पियात्सा ब्रा या विस्तीर्ण चौकातून व्हिया रोमा नावाचा रस्ता निघतो. त्या रस्त्याने काही मिनिटे चालत गेले की तांबड्या विटांचा, उंच बुरुजांचा आणि दातेरी तटबंदीचा एक किल्ला समोर उभा राहतो. त्याचे नाव कास्तेलवेक्कियो. इटालियन भाषेत याचा अर्थ 'जुना किल्ला' एवढाच.

सहलींच्या यादीत क्वचितच आढळणाऱ्या या किल्ल्यात जगभरातील वास्तुविशारद आणि त्यांचे विद्यार्थी मात्र वह्या-पेन्सिली घेऊन येतात. किल्ला प्रेक्षणीय आहेच. पण ते पाहायला येतात ते वेगळेच. आपल्या मूळ जागेवरून हललेली मूर्ती नव्या जागी कशी उभी करावी, तिच्यावर प्रकाश कोठून यावा, पाहणाऱ्याने तिच्यापासून किती अंतरावर थांबावे, या प्रश्नांची उत्तरे येथे दगड, लोखंड आणि चुना यांत लिहून ठेवलेली आहेत.

किल्ल्याचा पूर्वेतिहास रक्तरंजित आहे. वेरोनावर राज्य करणाऱ्या स्कालिजेर घराण्यातील दुसरा कांग्रांदे याने 1354 साली त्याच्या बांधकामास आरंभ केला. बाहेरच्या शत्रूइतकेच त्याला स्वकीयांचे भय होते. म्हणून किल्ल्यातून थेट नदीपलीकडे निसटता यावे असा एक तटबंदीयुक्त पूलही बांधण्यात आला. तरीही अवघ्या पाच वर्षांत, 1359 मध्ये, त्याच्या सख्ख्या भावानेच त्याचा खून केला. पुढे नेपोलियनच्या सैन्याने आतल्या प्रांगणात बराकी उभारल्या. 1920 नंतरच्या दशकात संग्रहालयाचे संचालक आंतोनियो आवेना यांनी या बराकींना पाडलेल्या जुन्या प्रासादांच्या गॉथिक खिडक्या आणि कमानी बसवून प्रासादाचे रूप दिले, आतली दालने मध्ययुगीन वाटावीत अशी रंगवून घेतली आणि तेथे शहराचे कलासंग्रहालय सुरू केले. जानेवारी 1944 मध्ये मुसोलिनीचा जावई चानो याच्यावरील खटला याच किल्ल्यात चालला आणि त्याला मृत्युदंड झाला. महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी इमारतीची हानी झाली आणि एप्रिल 1945 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो प्राचीन पूल उडवून दिला. पुढे नदीतून काढलेले अवशेष वापरून तो पूर्ववत बांधण्यात आला.

युद्धोत्तर इटलीत अशी अवस्था अनेक शहरांची होती. संग्रहालये भग्न झाली होती, सुरक्षित स्थळी हलवलेल्या कलाकृती परत आल्या होत्या आणि त्या कोठे, कशा मांडाव्यात हा प्रश्न होता. जुने दरबारी थाटाचे दालन पुन्हा उभारून भिंतीवर वरपासून खालपर्यंत चित्रांची दाटी करावी, हा एक मार्ग होता. त्या पिढीतील वास्तुविशारदांनी तो नाकारला. जेनोव्हामध्ये फ्रांको आल्बिनी यांनी चित्रे सोनेरी चौकटींतून मुक्त केली. मिलानच्या स्फोर्झा किल्ल्यात मायकेलअँजेलोने मृत्यूपूर्वी घडवत असलेली अपूर्ण 'पिएता' एका स्वतंत्र कोनाड्यात, काही पायऱ्या उतरून गेल्यावर दिसेल अशी ठेवण्यात आली. मांडणीचा विचार तेथेही संपला नाही. 2015 साली ती मूर्ती त्याच किल्ल्यातील दुसऱ्या, एकांत दालनात हलवली गेली आणि आता आत शिरणाऱ्यास प्रथम तिची पाठ दिसते. एकच मूर्ती, एकच किल्ला. पण जागा आणि दिशा बदलताच पाहणाऱ्याची भेट बदलली.

वेरोनाच्या संग्रहालयाचे नवे संचालक लिचिस्को मागान्यातो यांनी 1950 नंतरच्या दशकाच्या अखेरीस हे काम कार्लो स्कार्पा यांच्याकडे सोपवले. स्कार्पा यांचा जन्म 1906 मध्ये व्हेनिसमध्ये झाला. तेथील कला अकादमीत त्यांचे शिक्षण झाले आणि मुरानो बेटावरील काचकारखान्यासाठी अनेक वर्षे त्यांनी काचेची भांडी घडवून घेतली. वास्तुविशारदाचा अधिकृत परवाना त्यांच्यापाशी कधीच नव्हता. त्यावरून त्यांच्याविरुद्ध न्यायालयीन कारवाईही झाली. परंतु हातात वस्तू धरून तिचे वजन, पोत आणि चमक ओळखणारी जी दृष्टी कारागिरांच्या सहवासात मिळते, ती त्यांच्यापाशी होती. लोहार, सुतार आणि गिलाव्याचे काम करणारे ठरावीक कारागीर त्यांनी वर्षानुवर्षे आपल्याबरोबर ठेवले. 1958 मध्ये सुरू झालेले मुख्य काम 1964 च्या डिसेंबरात पूर्ण झाले. या कामाची शेकडो रेखाटने संग्रहालयाने जतन केली आहेत. त्यांतील अनेक कागदांवर इमारतीच्या रेषांबरोबर पाहणाऱ्या माणसाची आकृतीही दिसते. कोण, कोठून, किती उंचीवरून पाहणार, हा विचार भिंतींइतकाच महत्त्वाचा मानलेला होता.

स्कार्पा यांनी प्रथम काय केले असेल, तर इमारतीचे हिशेब वेगवेगळे केले. चौदाव्या शतकातील तट, नेपोलियनच्या बराकी, आवेना यांची सजावट आणि आपले नवे काम, या चारही खात्यांची सरमिसळ त्यांनी होऊ दिली नाही. आवेना यांचा गॉथिक दर्शनी भाग त्यांनी पाडला नाही. मात्र त्याच्या कमानींच्या मागे, थोडे अंतर सोडून, आधुनिक काचेची तावदाने बसवली. त्यामुळे तो भाग नाटकाच्या पडद्यासारखा पुढे उभा आहे, हे पाहणाऱ्यास आपोआप कळते. प्रवेशद्वारही मधोमध न ठेवता एका कोपऱ्यात नेले. प्रेक्षकाने प्रांगणातील हिरवळ, तिच्या कडेची झुडपांची कुंपणे आणि पाण्याची कुंडे ओलांडून, थोडे शांत होऊन आत शिरावे, अशी ती योजना आहे.

आत तळमजल्यावर एकापुढे एक अशी पाच दालने आहेत. जाड भिंतींतील कमानींतून नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाते. येथील जमीन नीट पाहण्यासारखी आहे. करड्या जमिनीवर ठरावीक अंतराने फिकट प्रून दगडाचे आडवे पट्टे आहेत आणि ही सारी जमीन भिंतीला न भिडता अलीकडेच थांबते. जमीन आणि भिंत यांच्यामध्ये एक अरुंद खाच सोडली आहे. जुन्या भिंतीला धक्का न लावता नवी जमीन एखाद्या सतरंजीसारखी मधे अंथरली आहे, असा भास होतो. देवघरात आसन मांडताना भिंतीला चिकटवून मांडत नाहीत. त्या रीतीची येथे आठवण व्हावी.

या दालनांत वेरोना परिसरातील चौदाव्या शतकातील संतमूर्ती आहेत. त्यांची मांडणी रांगेत नाही आणि त्या भिंतीला टेकूनही उभ्या नाहीत. प्रत्येक मूर्ती आपल्या स्वतंत्र, साध्या बैठकीवर, जमिनीपासून थोडीच उंच, मोकळ्या जागेत आहे. काही मूर्तींची पाठ आत येणाऱ्याकडे आहे. संत सेसिलियाची मूर्ती अशीच प्रथम मागून दिसते. वस्त्राच्या चुण्या आणि खांद्यांची ठेवण पाहतच प्रेक्षक पुढे जातो, वळसा घालतो आणि मग तिचा चेहरा दिसतो. तोवर खिडकीतून तिरपा येणारा प्रकाश त्या चेहऱ्यावर पडलेला असतो. मूर्तीभोवती फिरून पाहण्याची ही सक्ती कोठल्याही फलकाने केलेली नाही. ती मूर्तीच्या दिशेनेच केली आहे. प्रदक्षिणेची सवय असलेल्या भारतीय माणसाला ती विशेष भावेल. भोवती फिरल्याशिवाय मूर्ती पुरती भेटत नाही, हे आपल्या मंदिरांनी फार पूर्वीच ओळखले होते.

पाच दालने संपली की इमारत एकाएकी तुटते. येथे पूर्वी बराकीचा शेवटचा भाग थेट जुन्या तटाला जोडलेला होता. कामाच्या ओघात त्या तटातील बुजवलेले एक प्राचीन द्वार उजेडात आले. दोन काळांची बांधकामे एकमेकांवर चढवलेली होती. ती मोकळी करण्यासाठी स्कार्पा यांनी बराकीचा तो शेवटचा भाग पाडून टाकला. त्यातून आकाशाकडे उघडणारी एक उंच पोकळी निर्माण झाली. या पोकळीतच, भिंतीबाहेर आलेल्या काँक्रीटच्या आधारावर, वर अधांतरी वाटावा असा, पहिला कांग्रांदे आपल्या घोड्यावर बसलेला आहे.

हा पहिला कांग्रांदे म्हणजे किल्ला बांधणाऱ्या दुसऱ्या कांग्रांदेचा पराक्रमी चुलत आजोबा. 1329 मध्ये तो मरण पावला. देशोधडीला लागलेल्या महाकवी दान्तेला त्याने आश्रय दिला होता. त्याची अश्वारूढ मूर्ती वेरोनातील सांता मारिया आंतिका या चर्चपाशी असलेल्या त्याच्या समाधीच्या शिखरावर शतकानुशतके ऊन-पाऊस सोशीत होती. दगड झिजू नये म्हणून मूळ मूर्ती खाली उतरवण्यात आली आणि समाधीवर प्रतिकृती बसवली गेली. घोड्याच्या अंगावर झूल आहे, स्वाराचे शिरस्त्राण मागे पाठीवर टाकलेले आहे आणि चेहऱ्यावर मिश्कील, मोकळे हसू आहे. योद्ध्याच्या मूर्तीवर असे हसू विरळाच.

या मूर्तीपुढे वास्तुविशारदाची खरी कसोटी होती. जी मूर्ती उंच शिखरावरून शहराकडे पाहण्यासाठी घडवली गेली, ती दालनात चौथऱ्यावर ठेवली तर एक मोठे खेळणे होईल. आणि पुन्हा तितक्याच उंचावर चढवली तर ते हसू कोणाला दिसणार? स्कार्पा यांनी दोन्ही गोष्टी साधल्या. प्रांगणातून किंवा पोकळीच्या तळातून पाहणाऱ्यास कांग्रांदे समाधीवर होता तसाच मान वर करून पाहावा लागतो. प्रेक्षक पुढे जुन्या राजवाड्याच्या भागातील चित्रे पाहून वरच्या मजल्यावरून परत फिरतो, तेव्हा एका अरुंद पुलावरून त्याला हीच पोकळी ओलांडावी लागते. तेथे तोच कांग्रांदे अगदी जवळ येतो. घोड्याची झूल, शिरस्त्राणावरील श्वानमुख आणि ते स्मित आता समोरासमोर दिसते. मूर्ती इमारतीच्या रेषेला समांतर नाही, किंचित वळवून ठेवली आहे. त्यामुळे प्रत्येक पावलागणिक ती निराळी दिसते. वर ताम्रपत्रे आणि कौले यांचे छप्पर आहे. पावसापासून संरक्षण आहे, पण वारा आणि दिवसाचा बदलता उजेड अडवलेला नाही.

खालून पाहणारा म्हणेल, हा एक दूरस्थ राजा आहे. पुलावरून पाहणारा म्हणेल, हा शेजारच्या घरातला हसरा तरुण आहे. मागून पाहणाऱ्याला केवळ शिरस्त्राण आणि झूल दिसेल. यांतील एकाचेही म्हणणे खोटे नाही आणि एकाचेही पूर्ण नाही. अनेकांतवाद समजावून सांगताना आपल्याकडे हत्ती आणि आंधळे यांचा दृष्टांत दिला जातो. येथे एका इमारतीने तो दृष्टांत पायऱ्या आणि पूल यांच्या साहाय्याने मांडला आहे, असे म्हणता येईल. स्कार्पा यांना जैन दर्शन ठाऊक असण्याचे कारण नाही. पण वस्तूकडे प्रामाणिकपणे पाहणारा मनुष्य त्या सत्यापाशी आपल्या वाटेने पोहोचतो.

वरच्या मजल्यावरील चित्रांची व्यवस्थाही अशीच विचारपूर्वक आहे. पिसानेल्लोची म्हणून ओळखली जाणारी, पायाशी लावा पक्षी असलेली माता मेरी असो वा गुलाबांच्या बागेतील मेरी असो, चित्रे छोटी आणि नाजूक आहेत. काही चित्रे भिंतीवर न टांगता लोखंड व लाकूड यांच्या ईझलवर, दालनाच्या मध्यभागी, खिडकीच्या उजेडाला अनुकूल कोनात उभी केली आहेत. चित्रकाराच्या कार्यशाळेत चित्र जसे त्याच्यासमोर उभे असेल तसेच ते येथे प्रेक्षकासमोर येते. दालने दाटलेली नाहीत. एक चित्र पाहून दुसऱ्याकडे वळताना मधे रिकामी भिंत येते आणि त्या रिकामेपणात डोळ्यांना विसावा मिळतो.

या कामावर आक्षेप घेता येणार नाही असे नाही. नेपोलियनकालीन इमारतीचा भाग पाडण्याचा अधिकार एका वास्तुविशारदाला कोणी दिला, असे विचारता येईल. स्कार्पा यांच्या बिजागऱ्या, कठडे आणि तुळया इतक्या देखण्या आहेत की अभ्यासक संतमूर्तीकडे पाठ करून तिच्या आधाराचीच छायाचित्रे काढतात, हेही खरे. परंतु एखादा सामान्य प्रवासी, ज्याला वास्तुकलेचा गंधही नाही, तो येथून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या स्मरणात बिजागरी राहत नाही. त्याला कांग्रांदेचे हसू आठवते. मांडणीचे यश मोजायचे तर याच मापाने मोजावे.

वेरोनाची ही कथा जैन कुटुंबातील वाचकाला दूरची वाटू नये. मूर्ती कोठे आणि कशी असावी याचा विचार आपल्या परंपरेत अत्यंत सूक्ष्मपणे झाला आहे. ठक्कुर फेरू हे दिल्लीत अलाउद्दीन खिलजीच्या टांकसाळीत अधिकारपदावर असलेले जैन गृहस्थ. नाण्यांच्या परीक्षेवर ग्रंथ लिहिणाऱ्या या व्यवहारी माणसाने 1315 च्या सुमारास 'वास्तुसार' हा प्राकृत ग्रंथ रचला. गर्भगृहातील मूर्तीची दृष्टी दाराच्या उंचीच्या नेमक्या कोणत्या भागात यावी, याचेही विवेचन त्यात आहे. त्या वेळी वेरोनात पहिला कांग्रांदे राज्य करीत होता. मूर्ती आणि पाहणारा यांच्या नजरा कोठे मिळाव्यात, हा आजच्या संग्रहालयातील वास्तुविशारदाचा प्रश्न फेरू यांनी सातशे वर्षांपूर्वी हिशेबाने सोडवला होता.

पण मंदिरातून बाहेर पडलेल्या वस्तूंचे काय? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पाटण येथील जैन सभामंडपाचा सोळाव्या शतकातील सागवानी घुमट आहे. अहमदाबादेत हठीसिंग घराण्यातील मगनभाईंच्या साहाय्याने लाकडी कोरीवकामाची कार्यशाळा चालवणारे लॉकवुड डी फॉरेस्ट आणि त्यांचे बंधू यांनी 1916 साली तो त्या संग्रहालयाला दिला. वादक, नर्तिका आणि दिक्पाल कोरलेला हा घुमट तेथे सुटे तुकडे करून कपाटात ठेवलेला नाही. तो उंचावर, घुमट म्हणूनच बसवला आहे आणि प्रेक्षक त्याच्याखाली उभा राहून वर पाहतो. पूजा तेथे नाही, धूप-दीप नाही. तरी मान वर करण्याची ती क्रिया घुमटाला परत मिळाली आहे. आपल्याकडे जळगाव जिल्ह्यातील चहार्डी येथील आदिनाथांची धातुमूर्ती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे आणि अकोला जिल्ह्यातील राजनापूर खिनखिनी येथे सापडलेल्या जैन धातुमूर्ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत. ज्यांच्यापुढे एकेकाळी पिढ्यान्‌पिढ्या मस्तक नमवत आल्या, त्या मूर्तींपुढून आता शाळकरी मुलांची रांग जाते. त्या मुलांनी क्षणभर थांबावे की कपाटातील आणखी एक वस्तू म्हणून पुढे सरकावे, हे मुख्यतः मांडणीवर अवलंबून आहे.

हा प्रश्न केवळ सरकारी संग्रहालयांचा नाही. आज अनेक तीर्थक्षेत्री समाजाच्या देणगीतून लहान-मोठी संग्रहालये आणि ग्रंथभांडारे उभी राहत आहेत. खंडित झाल्यामुळे पूजेतून निघालेल्या, परंतु पूर्वजांच्या श्रद्धेचा स्पर्श झालेल्या मूर्ती त्यांत ठेवल्या जातात. देणगीदारांचा हात सढळ असतो. तो बहुधा चकचकीत लाद्या, आरसे, रंगीत दिवे आणि सोनेरी अक्षरांचे फलक यांकडे वळतो. मग कायोत्सर्गात उभी असलेली मूर्ती काचेतील प्रतिबिंबांच्या गर्दीत हरवते. ज्यांनी सर्वस्वाचा त्याग केला त्यांच्यासमोर आपण वस्तूंची दाटी करतो. कास्तेलवेक्कियोत पैशाने होणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत आणि विचाराने होणाऱ्या पुष्कळ आहेत. एका मूर्तीभोवती फिरण्याइतकी जागा सोडणे, दिवसाचा उजेड कोणत्या खिडकीतून येतो हे आधी पाहणे, भिंत साधी ठेवणे, मूर्ती पूर्वी किती उंचीवर होती याची चौकशी करणे, दहा वस्तूंपैकी सहा आत ठेवून चारच मांडणे, यांतील कोणत्याही गोष्टीला मोठी देणगी लागत नाही. मांडणीतला अपरिग्रह म्हणतात तो हाच.

वेरोनात आलेल्या प्रवाशाने संग्रहालय पाहून झाल्यावर सांता मारिया आंतिकाच्या समाधीपाशीही अवश्य जावे. तेथे शिखरावर कांग्रांदेची प्रतिकृती बसलेली आहे. खालच्या अरुंद चौकातून मान कितीही मागे टाकली तरी तिच्या चेहऱ्यावरचे भाव नीट दिसत नाहीत. कारागिराने ते हसू कोरले तेव्हा ते इतक्या उंचीवरून कोणाला दिसणार नाही, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. तरीही त्याने ते मन लावून कोरले. सहाशेहून अधिक वर्षांनंतर एका वास्तुविशारदाने त्या हसऱ्या चेहऱ्यापर्यंत पोहोचणारा एक लहानसा पूल बांधला आणि त्या अनाम कारागिराचे कष्ट लोकांच्या दृष्टीस पडले.